वऱ्हाडच्या डोळ्यातले फूल

फेब्रुवारी १८८१मध्ये वऱ्हाडात शिरगणती झाली. अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी आणि वाशीम असे तेव्हा वऱ्हाडचे सहा जिल्हे होते. शिरगणतीचा अहवाल ई. जे. किट्स या इंग्रज अंमलदाराने लिहिला. माणसे, घरे, जाती, धंदे यांच्याबरोबर त्या काळच्या शिरगणतीत आणखी चार रकाने असत : वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी. त्याच वर्षी ६ जुलैला अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी गावी मोहोडांच्या घरात एक मुलगा जन्मला. नऊ महिन्यांचा असताना त्याचे डोळे बिघडले, त्यावर भलताच उपचार झाला आणि दृष्टी कायमची गेली. दहा वर्षांनी पुन्हा शिरगणतीवाले गावोगाव फिरले, तेव्हा हा पोरगा आंधळ्यांच्या रकान्यातला एक आकडा झाला असणार. पुढे तोच माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज म्हणून ओळखला गेला. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी इतरांकडून वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले.

महाराजांची आठवण वऱ्हाडाने जपली. त्या रकान्यातल्या बाकीच्यांची कोणी जपली नाही.

तान्ह्या लेकराचे डोळे यावेत आणि त्यात कोणीतरी भलते औषध घालावे, ही त्या काळी दृष्टी जाण्याची नेहमीची वाट होती. आठ-पंधरा दिवसांत चिपडे थांबत, लाली ओसरत आणि काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका उरे. "डोयात फूल पडलं" एवढे बोलून म्हाताऱ्या बाया गप्प बसत. त्यापुढे करण्यासारखे काही नाही, हे त्यांना पाठ होते. निदान म्हणून ते चूक नव्हते. बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया, एकदा गढूळ झाला की तो निवळवण्याचे औषध जगात कुठेच नव्हते.

हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आतले तंतू अगदी नेटक्या ओळींत रचलेले असतात, म्हणून प्रकाश त्यातून आरपार जातो. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे त्यात रक्तवाहिनी नसते. प्राणवायू तो हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. जखम झाली, जंतू शिरले, महिनोन्‌महिने दाह राहिला, की ही व्यवस्था मोडते. तंतूंची रचना विस्कटून वण उरतो आणि कडेकडून बारीक रक्तवाहिन्या आत घुसतात. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांतून रक्तातले मेद झिरपतात आणि गळक्या नळाखालच्या भिंतीवर डाग उमटावा तसा पिवळट-पांढरा थर वाहिनीच्या टोकाशी साचतो. त्यात कोलेस्टेरॉल असते, इतर मेदद्रव्ये असतात. डॉक्टर त्याला लिपिड केरॅटोपथी म्हणतात. जुन्या फुलाला वर्षानुवर्षांनी येणारी ही दुसरी धार. मूळ जखम देवीची असो की काट्याची, तिच्या पाठीमागून रक्तवाहिन्या आल्या की ही चरबीही येऊ शकते आणि होती नव्हती ती नजरही जाते.

डोळ्यात चरबी म्हटले की तूप, तेल आणि मटणावर संशय घेतला जातो. या आजारात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. म्हाताऱ्या माणसाच्या बुबुळाच्या कडेला जे राखाडी कडे दिसते तेही मेदाचेच, पण त्याने दिसण्यात काही फरक पडत नाही. चाळिशीच्या आत ते दिसले तर मात्र रक्तातले कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. जन्मजात दोषामुळे पारपटलात कोलेस्टेरॉल साचण्याचा एक आनुवंशिक प्रकारही आहे. श्नायडर या स्विस डॉक्टरच्या नावाने तो ओळखला जातो आणि त्यामागचे जनुक २००७ साली सापडले. पण तो फार विरळ. वऱ्हाडातले फूल ताटातून आले नाही. ते देवीने दिले, उपासमारीने दिले, खुपऱ्यांनी दिले आणि शेताने दिले.

देवीपासून सुरुवात करावी लागते, कारण तिच्यापुढे सगळेच हात जोडून उभे राहत. वऱ्हाडात क्वचितच एखाद्या गावाच्या शिवेवर मातामायचे ठाणे नसेल. अंगावर देवी आल्या म्हणजे माता घरी आली. तिला औषध देऊन हाकलायचे कसे? लिंबाचा पाला अंथरायचा, घरात फोडणी द्यायची नाही, पाहुण्याला उंबऱ्याबाहेर थांबवायचे. फोड बुबुळावर उठला तर पोर जगूनही डोळा जाई. डोळा वाचावा म्हणून चांदीचे डोळे वाहण्याचा नवस बोलला जाई. इंग्रजांचे टोचणारे कर्मचारी गावात येऊ लागले तेव्हा लोकांनी त्यांच्या कामालाही 'देवी काढणे' असेच नाव दिले, आणि टोचायला आलेल्या माणसाला बघून मुले ज्वारीच्या कोठीमागे दडवण्याचा प्रकार देशभर चालला तसा इथेही चालला. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. त्याआधी जन्मलेल्या पिढीत तोंडावर व्रण आणि डोळ्यात फूल असलेली माणसे बाजाराच्या दिवशी सहज दिसत.

दुसरे कारण भूक. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ वऱ्हाडाने पाहिले. काळ्या मातीचा, कापसाचा, एरवी सधन समजला जाणारा हा मुलूख दुसऱ्या दुष्काळात पार वाकला. अन्नातून 'अ' जीवनसत्त्व गेले की लेकराला आधी संध्याकाळनंतर दिसेनासे होते, मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके येतात. त्यात गोवर किंवा हगवण झाली तर पारपटल अक्षरशः वितळते. दोन दिवसांत. जपानात मोरी या डॉक्टरने १९०४ साली अशा मुलांना कॉड माशाचे तेल आणि कोंबडीचे काळीज देऊन गुण आल्याचे लिहिले. जीवनसत्त्वाचा शोध त्यानंतर नऊ वर्षांनी लागला. आपल्याकडे सुश्रुताने रातांधळेपणावर बकऱ्याचे काळीज सांगून ठेवलेच होते. पण दुष्काळात बकरा आणायचा कुठून? श्रावणात फुकट उगवणारा तरोटा, परसातली अंबाडी आणि शेवग्याचा पाला यांनी किती डोळे वाचवले असतील याचा हिशेब कुठल्याही अहवालात नाही, तरी वैद्यकाच्या नजरेने ती भाजी औषधाच्या तोलाची होती.

खुपऱ्यांचा, म्हणजे ट्रॅकोमाचा, कारभार संथ असतो. पापणीच्या आतल्या बाजूला दाणे येतात, जातात, पुन्हा येतात. पंधरा-वीस वर्षांत पापणी आत वळते आणि प्रत्येक उघडझापीला केस बुबुळावर घासतात. हर्बर्ट हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर मुंबईत शिकवत आणि शस्त्रक्रिया करत. खुपऱ्या बऱ्या झाल्यावर पारपटलाच्या कडेला ज्या बारीक खळगुल्या राहतात, त्या जगभर आजही 'हर्बर्टचे खळगे' म्हणूनच ओळखल्या जातात. जुन्या शिरगणतीच्या अहवालांतून आंधळ्या बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त दिसे आणि साहेब लोक त्याचे खापर चुलीच्या धुरावर फोडत. धूर निर्दोष नव्हता. पण लेकराच्या डोळ्याची चिपडे पदराने पुसणारी आणि त्याच पदराने स्वतःचा डोळा पुसणारी आई वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा खुपऱ्या ओढवून घेते, हे नंतर कळले.

तोंड धुवायला पाणी हवे. पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. विहिरीला पाणी लागले तरी ते खारट. गोड्या पाण्याची घागर दोन कोसांवरून आणणारी बाई त्यातले किती पाणी पोरांची तोंडे धुण्यात घालवणार? खुपऱ्यांवरचा जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा कार्यक्रम शस्त्रक्रिया आणि औषधाइतकाच स्वच्छ चेहरा आणि परिसर यांवर उभा आहे. भारताने १९६३ साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या भारतातून हटल्याची पावती संघटनेने ऑक्टोबर २०२४मध्ये दिली. देवी गेली, खुपऱ्या गेल्या.

शेत मात्र राहिले, आणि त्यातली धसकटेही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१नंतर वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आणले. रेल्वे आली, खामगाव आणि अमरावतीला फाटे फुटले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पऱ्हाटीखालची जमीन वाढली. हा इतिहास सगळ्या पुस्तकांत आहे. पऱ्हाटी उपटताना, तूर सोंगताना, ज्वारीच्या धांड्यांतून वाट काढताना, खळ्यावर वाऱ्याला तोंड देऊन उपणताना डोळ्यात काय काय जाते याचा इतिहास कोणी लिहिला नाही. तुराटीचे टोक पारपटलावर घासते. जखम मोहरीएवढी. पण त्या टोकावर बुरशीचे कण असतात आणि ते जखमेत रुजतात. बुरशीचा व्रण जंतूंच्या व्रणापेक्षा सावकाश वाढतो, सुरुवातीला दुखतोही कमी, आणि यातच खरा धोका आहे. कास्तकार म्हणतो, एवढी तूर निघू दे, मग पाहू. तूर निघेपर्यंत बुबुळावर राखाडी ढग आलेला असतो.

मधल्या काळात घरगुती उपाय होतात. कचरा गेला असेल तर जिभेने काढणारी बाई पूर्वी पुष्कळ गावांत असे. बाळंतिणीचे दूध, मध, एरंडेल, तुरटीचे पाणी, क्वचित आणखी काही. सुश्रुताने बुबुळावरच्या फुलाला 'शुक्र' म्हटले, त्याचे व्रणासह आणि व्रणरहित असे दोन प्रकार केले आणि जुने फूल खरवडण्यासाठी शंख, समुद्रफेस अशा द्रव्यांची अंजने सांगितली. व्रण ताजा असताना आणि भरल्यावर वागायचे वेगळे, हा भेद त्याला माहीत होता. गावच्या जाणत्याकडे येईपर्यंत त्यातला भेद गळाला आणि खरवडणे तेवढे उरले. ताज्या जखमेत शंखाची पूड गेली की काय होते ते सांगायला नको. हल्ली त्या पुडीची जागा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांनी घेतली आहे. लाली तासाभरात उतरते, कास्तकार खूश होतो आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. जुना जाणता आणि नवा दुकानदार यांत डोळ्याच्या दृष्टीने निवड करायची झाली तर जाणता बरा, निदान तो बुरशीला खतपाणी घालत नव्हता.

मग दवाखाने काय करत होते? अमरावतीचे जिल्हा रुग्णालय व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाने उभे राहिले आणि लोकांच्या तोंडी आजही ते 'इर्विन' आहे. बायांचे रुग्णालय 'डफरीन'. अकोल्याला लोक 'सर्वोपचार'ला जातात आणि २००२पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४पासून. तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली महारोग्यांसाठी काम उभारले. या रोगाचा डोळ्याशी जवळचा संबंध आहे : पापणी मिटवणारी नस निकामी झाली की डोळा झोपेतही उघडा राहतो, पारपटल सुकते आणि त्यावर व्रण होतो. तेव्हा डोळ्याकडे कोणी बघतच नव्हते असे नाही.

बघितले ते मोतीबिंदूकडे. सुईने मोतीबिंदू डोळ्यात पाडून देणारे फिरस्ते पूर्वी हिंदुस्थानभर हिंडत. पुढे त्यांची जागा सर्जनने आणि शाळेच्या वर्गखोल्यांत भरणाऱ्या नेत्रशिबिरांनी घेतली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. १९९४नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोठा प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता, आणि तोही मोतीबिंदूचाच. यात गैर काही नाही. सर्वांत जास्त आंधळे मोतीबिंदूने होतात आणि दहा-पंधरा मिनिटांच्या शस्त्रक्रियेने त्यांना दिसते. जिल्ह्याला वर्षाचे उद्दिष्ट देता येते, ते गाठल्याचा तक्ता करता येतो, पाहुण्यांच्या हस्ते काळे चष्मे वाटता येतात. फुलाचा तक्ता होत नाही. शिबिरात आलेल्या फूलवाल्याला डॉक्टर बॅटरी मारून बघत आणि म्हणत, "याचं इथं काही होत नाही, बाबा." तो परत जाई. एकच डोळा गेला असेल तर शिरगणतीनेही त्याला मोजले नव्हते, कारण दोन्ही डोळ्यांनी न दिसणाऱ्याचीच नोंद आंधळा म्हणून करायची, असा नियम असे.

होत नव्हते याचे कारण सर्जनच्या हातात नव्हतेच. मोतीबिंदूला सर्जन पुरतो, फुलाला दुसऱ्या माणसाचे पारपटल लागते.

ते बसवता येते हे सिद्ध झाले ७ डिसेंबर १९०५ रोजी, आजच्या चेक देशातल्या ओलोमोत्स गावी. एडुआर्ड झिर्म या डॉक्टरने आलोइस ग्लोगार नावाच्या मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर कलम केले. दाता अकरा वर्षांचा मुलगा होता. लोखंडाचा कण घुसल्याने त्याचा डोळा काढावा लागला होता. ग्लोगारच्या एका डोळ्यातले कलम टिकले आणि तो कामावर परतला. त्याचे डोळे गेले होते ते चुन्याने. विदर्भात खर्रा घोटणाऱ्याच्या खिशात चुन्याची पुडी असते आणि ती पोरांच्या हाती लागली, दाबली, फुटली की चुना थेट डोळ्यात उडतो. हा अपघात देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवला आहे. चुना आम्लापेक्षा वाईट, कारण तो आत आत भाजत जातो. अशा वेळी डोळा तिथेच, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने, सलग अर्धा तास धुवावा आणि मगच गाडी शोधावी.

सोव्हिएत संघात फिलातोव्ह यांनी मृत माणसाचे पारपटल वापरण्याचा मार्ग १९३०च्या दशकात रुळवला. भारतातली पहिली नेत्रपेढी मद्रासला डॉ. मुथय्या यांनी १९४५ साली सुरू केली. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने कॉर्नियल ग्राफ्टिंग अ‍ॅक्ट केला. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या माणसाला मरणोत्तर डोळे देण्याची कायदेशीर मुभा महाराष्ट्र राज्य जन्मण्याआधीची आहे. कायदा आला, पण डोळे आले नाहीत. 'पुढच्या जन्मी आंधळा होशील' ही भीती होती, मयताला हात लावू न देणारी भाऊबंदकी होती, आणि सहा तासांच्या आत येऊन पारपटल काढणारी माणसे शहरांपलीकडे नव्हती. गेल्या काही दशकांत अमरावतीत हरिना नेत्रदान समितीसारख्या संस्थांनी हे काम घरोघरच्या सुतकापर्यंत नेले. मयताच्या घरी, रडारड चालू असताना, 'नेत्रदान करायचे का' असे विचारायला जाणे ही किती अवघड समाजसेवा आहे, ते एकदा जाऊन आलेल्यालाच कळेल.

मेळघाटचा हिशेब वेगळा. तिथल्या कोरकू पाड्यांतल्या कुपोषणाची आणि बालमृत्यूंची बातमी १९९३पासून राज्यभर गाजली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. धारणीजवळ उतावली इथे 'महान' संस्थेच्या रुग्णालयात डॉ. आशीष सातव यांच्याबरोबर डॉ. कविता सातव काम करतात, आणि त्या नेत्रतज्ज्ञ आहेत. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस १९७०पासून सरकारी कार्यक्रमात आहे : नवव्या महिन्यात एक लाख युनिट, नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांचे होईपर्यंत. तो वेळेवर मिळाला तर डोळा वितळत नाही. पाड्यावर तो वेळेवर पोचतो का, हा प्रश्न पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दरवर्षी नव्याने विचारावा लागतो.

कलमाने सगळे सुटते असेही नाही. ज्या फुलात रक्तवाहिन्या शिरल्या आहेत तिथे नवे पारपटल शरीर नाकारण्याची शक्यता वाढते, कारण ज्या वाटेने चरबी येते त्याच वाटेने रक्तातल्या लढाऊ पेशीही येतात. म्हणून आधी त्या वाहिन्या लेसरने किंवा बारीक सुईने जाळून बंद करतात, कधी वाहिन्यांची वाढ रोखणारे इंजेक्शन देतात. साचलेला मेद त्याने काही अंशी विरतो, पण वण राहतो. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे खेपा, वर्षभर थेंब, टाके, पुन्हा खेपा. उन्हाळ्यात हाताला काम नसलेल्या मजुराला हे झेपत नाही आणि हंगामात काम असलेल्याला वेळ नसतो.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या माणसांत अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू निघाले आणि दुसरे पारपटलाचा धूसरपणा. पन्नाशीच्या आतल्या माणसांत मात्र पारपटलच पहिल्या क्रमांकावर, ३७.५ टक्के. म्हणजे कमावत्या वयात डोळा घालवणारा रोग मोतीबिंदू नव्हे, फूल आहे. सरकारी तक्त्यांनी ज्याला मागे ठेवले त्याने तरुण गाठले.

तूर सोंगायला आणि पऱ्हाटी उपटायला जाताना साधा प्लास्टिकचा चष्मा लावावा. वेल्डिंगच्या दुकानात तो मिळतो. डोळ्यात काही गेले आणि दुसऱ्या दिवशीही टोचत असेल तर तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावे, स्टेरॉइडचा थेंब स्वतःहून घालू नये. आणि घरात कोणी गेले तर पापण्या मिटवाव्यात, त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीला फोन करावा. गेलेल्या माणसाला चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, मधुमेह होता, तरी चालते. सहा तास असतात.